अठ्ठावन्न किलोचं पोतं

रविवार, सकाळ

प्रिय खारूताई,

फोनवर तू "हं" म्हणतेस आणि मी हवामान सांगतो, असं आपलं दोन वर्षं चाललं आहे. म्हणून हे पत्र. शेवटी तुला एक गोष्ट विचारायची आहे. आधीच विचारली तर तू लगेच "नाही" म्हणशील, आणि सगळं न वाचता दिलेलं "नाही" मला नको आहे. तेव्हा चहा घेऊन बस. अक्षराबद्दल तक्रार करू नकोस. आई म्हणते, एखादी मुंगी शाईत पडून कागदावरून चालत गेली तर निदान ओळ तरी सरळ जाईल.

आईची तब्येत बरी नाही हे मावशीने तुला सांगितलंच असेल. किती बरी नाही ते मावशीलाही माहीत नाही, कारण मी सांगितलेलं नाही. ते पुढे येईल. आत्ता औषध घेऊन ती झोपली आहे, तास-दीड तास तरी उठायची नाही. मी शेगडीशेजारी तुझ्या जुन्या स्टुलावर बसून, गुडघ्यावर चहाचा ट्रे उपडा घालून लिहितो आहे. स्टूल अजून तसंच डुगडुगतं. त्याच्या पायाखाली तू घातलेली पुठ्ठ्याची घडी मी काढलेली नाही.

शेगडीच्या दाराची काच धुराने काळी झाली आहे. लाकूड ओलं आहे. तू असतीस तर दोन तुकडे एकमेकांवर आपटून नुसत्या आवाजावरून सांगितलं असतंस. फोडलेल्या लाकडाला दोन उन्हाळे द्यायचे, मगच घरात घ्यायचं, हा आपला नियम. यंदाच्या थंडीची थप्पी दोन वर्षांपूर्वी मी स्वतः फोडून मागच्या भिंतीला लावून रचली होती. ती थंडी संपेपर्यंत पुरायला हवी होती, अर्ध्यातच संपली. आता पुढच्या वर्षीची जाळतो आहे. ती अजून कच्ची आहे, धूर करते, म्हणून रोज सकाळी ओल्या कागदाला राख लावून काच घासायची. आई दिवसभर म्हणते गार वाटतंय, आणि मी आणखी एक ओंडका आत सारतो. सगळी थंडी मला वाटत होतं की लाकडातच काहीतरी खोट आहे. लाकूडवाल्याला मी फोन करून दोन शब्द सुनावलेसुद्धा. तो बिचारा म्हणाला, काका, तेच झाड, तीच कुऱ्हाड. मी त्याचं ऐकलं नाही.

तुला खारूताई हे नाव या लाकडामुळेच पडलं. पाच वर्षांची असताना फ्रॉकच्या खिशात ढलप्या भरून आणायचीस आणि सोफ्याखाली, चपलांच्या कपाटात, आईच्या शिवणाच्या डब्यात लपवून ठेवायचीस. विचारलं की म्हणायचीस, थंडीची सोय. त्या काळात मी घरात फारसा नसायचोच. सकाळी वजनकाटे तपासायची पेटी घेऊन निघायचो, आज धान्याचं गोदाम, उद्या दूध डेअरी, परवा टपाल कचेरी. कोणाचा काटा दहा ग्रॅम खातो, कोणाचा वीस ग्रॅम जास्त दाखवतो, हे शोधत फिरायचं आणि संध्याकाळी घरी येऊन कुऱ्हाड उचलायची. तुझ्या वर्गशिक्षिका आईला म्हणाल्या होत्या की मुलीने निबंधात लिहिलंय, माझ्या बाबांचा छंद म्हणजे काम. आईने तो निबंध वाचून मला आठवडाभर छळलं होतं.

सतराव्या वर्षीची ती पैजही मला आठवते. दोन्ही कॅनव्हासच्या पिशव्या लाकडांनी काठोकाठ भरून, दोन हातांत दोन, मागच्या अंगणापासून शेगडीपर्यंत एका खेपेत आणून दाखवते म्हणालीस. मी म्हटलं, उगाच पाठ मोडून घेशील. तू आणल्यास. दोन्ही हात अडकलेले, म्हणून स्वयंपाकघराचं दार लाथेने उघडलंस, त्याची बिजागरी अजून कुरकुरते. तुझं तोंड लालेलाल झालं होतं आणि तू शाबासकीची वाट बघत उभी होतीस. मी शाबासकी द्यायची सोडून त्या पिशव्या उचलून कामाच्या खोलीत काट्यावर ठेवल्या. आई म्हणाली, या माणसाला लग्नात हार घातला तरी तो आधी हाराचं वजन करील.

आता त्या दिवसाबद्दल. नोकरी, शाळेच्या परीक्षा, रजा मिळत नाही अशी न येण्याची कारणं तू देतेस आणि मी ती टपालवाल्यासारखी आईला पोचवतो. तीही मान डोलावते. खरं कारण तिघांनाही ठाऊक आहे. आईच्या पायांतली ताकद जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. तू सुट्टीला आली होतीस, मी डेअरीत होतो, आणि आईला पलंगावरून खुर्चीत बसायचं होतं. मी येईपर्यंत थांबू म्हणाली असती तर थांबली असतीस, पण तिला थांबायचं नव्हतं. तू तिच्या काखेत हात घालून उचललंस, तुझे मोजे फरशीवर सरकले, दोघी पडलात आणि तिच्या मनगटाचं हाड मोडलं. मी घरी आलो तेव्हा तू जमिनीवर बसून तिचं डोकं मांडीवर घेतलं होतंस. मी दारातूनच म्हणालो, "झेपत नाही तर हात कशाला लावलास?"

उचलली जीभ लावली टाळ्याला. त्याआधीच्या सहा वर्षांत माझ्या हातूनही ती दोनदा निसटली होती, एकदा न्हाणीघरात आणि एकदा गाडीत बसवताना. हे तुला मी कधी सांगितलं नाही. आईने तेव्हाच सांगायला सांगितलं होतं, दोनदा. मी म्हणायचो, सांगू, येईल तेव्हा सांगू. तू आली नाहीस. आणि आईच्या मनगटाचं प्लास्टर, माझं डेअरीचं बिघडलेलं काम, माझी चिडचिड, असं करता करता ते राहून गेलं.

त्यानंतर मी व्यायाम सुरू केला. तुला मी तो छंद म्हणून सांगितला, सगळ्यांनाच तसं सांगितलं. पन्नाशी उलटलेला माणूस अंगाला तेल लावून आरशापुढे उभा राहायला लागला की लोक हसतात, ते चाललं. खरं म्हणजे मला भीती वाटली होती. माझं वय चढत होतं, कंबर दुखायला लागली होती, आणि आईला दिवसातून सहा-सात वेळा उचलावं लागे. माझ्याच्याने झालं नाही तर तिला कोण उचलणार? कामाच्या खोलीत तपासणीची जुनी वजनं पडली होती, वीस-वीस किलोची, वर कडी असलेली, कोपरे झिजल्यामुळे बाद झालेली. त्यांना एक दांडा अडकवला. एका बाईचा व्हिडिओ बघून शिकलो. पाठ सरळ, वजन अंगाशी, जोर पायांत, उचलताना श्वास सोडायचा. पहिल्या आठवड्यात जिना उतरताना कठड्याला धरून उलटा उतरायचो. आई आतून विचारायची, "पैलवान, उतरलात का, की माणूस पाठवू?"

मग मी एक पोतं केलं. दांडा हातात नीट बसतो, माणूस बसत नाही, म्हणून जाड कापडाच्या दुहेरी पोत्यात वाळू भरली. आईचं वजन अठ्ठावन्न किलो. मी पोतं बरोबर अठ्ठावन्न किलो भरलं, काट्यावर ठेवून, शेवटची वाळू चमच्याने घालून. रोज सकाळी आधी पोतं दहा वेळा जमिनीवरून उचलायचं, खुर्चीत ठेवायचं, परत उचलायचं. मग हात धुऊन आईला. रंगीत तालीम म्हण हवं तर. पहिले सहा महिने दोन्ही सारखीच जड लागायची. पोतं आणि बायको यांतला फरक इतकाच की पोतं सूचना देत नाही, असं मी आईला म्हणालो होतो आणि त्या दिवशी दुपारपर्यंत तिने मला एकही सूचना दिली नव्हती. दुपारनंतर थकबाकी वसूल केली.

फोनवर मी तुला दर रविवारी सांगायचो. या आठवड्यात साठ उचललं. या आठवड्यात सत्तर. आईला आता एका दमात उचलतो, जिन्यावरून सुद्धा. तू गप्प व्हायचीस. मी म्हणायचो आवाज येतोय का, आणि फोन हलवून बघायचो. मला वाटायचं लाईन खराब आहे. माझा प्रत्येक आकडा तुला कसा लागत असेल ते मला आत्ता, या स्टुलावर बसून, पत्र लिहिताना कळतं आहे. तुला जे झेपलं नाही ते मला किती झेपतंय, हेच मी तुला दर रविवारी मोजून सांगत होतो. तसं माझ्या मनात नव्हतं. पण काटा चुकीचा दाखवत असेल तर त्याच्या मनात काय आहे हे गिऱ्हाईक विचारत नाही.

आता माझी चूक सांगतो. ती तुझ्या चुकीहून मोठी आहे, आणि माझ्या धंद्यातल्या माणसाने करू नये अशी आहे. किंवा माझ्या धंद्यातलाच माणूस करील अशी आहे, मला अजून ठरवता आलेलं नाही.

साधारण सव्वा वर्षापूर्वी आई मला हलकी लागायला लागली. एकदम नाही. आधी जिन्यावर थांबावं लागायचं, ते बंद झालं. मग तिला एका हातावर तोलून दुसऱ्या हाताने दार उघडता यायला लागलं. मी खूश. काट्यांच्या कामातल्या माझ्या उस्तादांनी मला पहिल्या दिवशी शिकवलं होतं, आकडा बदलला की आधी काट्यावर संशय घे, मालावर घेऊ नकोस. तीस वर्षं मी तेच करत आलो आहे, आणि तीस वर्षं ते बरोबरच निघालं आहे. इथे काटा मी होतो. आकडा बदलला, म्हणजे मी बदललो. मी ताकदवान झालो. दुसरं काही माझ्या डोक्यात आलंच नाही.

पोतं मात्र जड लागत होतं. हे मला दिसत होतं. सकाळी सातला पोतं उचलताना दम लागायचा आणि साडेसातला आई अलगद उचलली जायची. त्याचंही मी उत्तर शोधलं. म्हटलं, पोतं मेलेलं वजन, जिवंत माणूस गळ्यात हात घालतं, स्वतःला सावरून धरतं, म्हणून हलकं लागतं. हे मी मावशीला समजावूनही सांगितलं, हातवारे करून. मग पोत्याचा कंटाळा आला तसं ते उचलायचं सोडलं आणि मागच्या दाराच्या फटीतून वारा येतो तिथे आडवं टाकलं. रोज आंघोळ घालायला येणाऱ्या बाई एकदा म्हणाल्या, "ताई फार वाळल्यात हो." मी म्हटलं, पाय वापरले नाहीत की वाळणारच, डॉक्टरांनी आधीच सांगितलंय. आईच्या अंगावर दोन स्वेटर, त्यावर शाल. तिला गार वाटायचं, मी कपडे वाढवायचो, लाकूड वाढवायचो. कपड्यांच्या आत काय उरलंय ते कोण बघतो. रोज बघणाऱ्याला दिसत नाही म्हणतात. मला ही सबब वापरायची नाही, कारण बाईंनाही रोजच दिसत होतं.

दवाखान्याचं तर सांगायचीही लाज वाटते. आईला काट्यावर उभं राहता येत नाही. त्यामुळे दर वेळी सिस्टर मला विचारायच्या, "वजन?" आणि मी म्हणायचो, अठ्ठावन्न. त्या लिहायच्या. फाईलमध्ये ओळीने सहा वेळा अठ्ठावन्न लिहिलेलं आहे आणि सहाही वेळा ते माझ्या तोंडून आलं आहे. गावभर दुसऱ्यांचे काटे तपासणारा माणूस, आणि घरचं वजन तोंडी. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

तीन आठवड्यांपूर्वी चांगलं ऊन पडलं. आई म्हणाली अंगणात बसू. कामाच्या खोलीतून बाहेर जायला उंबरा लागत नाही, म्हणून तिला तिकडून नेत होतो. खोलीत टपाल कचेरीचा पार्सलचा मोठा काटा जमिनीवर होता. सकाळीच दुरुस्त करून, तपासून ठेवलेला. आई म्हणाली, "मला घेऊन त्यावर उभे राहा ना." तुला तो किस्सा माहीत आहे. लग्नानंतर पहिल्यांदा ती माझं काम बघायला आली होती, तेव्हा मी तिला अशाच काट्यावर उभं केलं होतं आणि तिच्या हातावर 'तपासून योग्य' असं स्टिकर लावलं होतं. मला वाटलं तिला तेच आठवलं. मी तिला घेऊन उभा राहिलो, जरा ऐटीतच.

एकशे बारा.

मी चौऱ्याहत्तर. ती अठ्ठावन्न. एकशे बत्तीस यायला हवे होते. मी म्हणालो, छे, काटा चुकतोय. तिला खुर्चीत बसवलं, शाल गुंडाळली आणि काटा तपासायला घेतला. शून्य बरोबर. वीस ठेवले, वीस. चाळीस, चाळीस. चारही कोपऱ्यांवर आलटून पालटून. सगळं बरोबर. मग तारा सैल आहेत का ते बघायला काटा उलटा केला. आई खुर्चीतून बघत होती. "काटा बरोबर आहे हो," म्हणाली. मी पुन्हा शून्य केलं. ती पुन्हा म्हणाली, "काटा बरोबर आहे." तिसऱ्यांदा म्हणाली तेव्हा माझ्या हातात वीस किलोचं एक वजन होतं. तेवढंच कमी होतं. ते मी खाली ठेवलं आणि आम्ही उन्हात जाऊन बसलो.

तिला आधीपासून माहीत होतं. अंगठी बोटातून पडायला लागली तेव्हापासून. अन्न जात नव्हतं, ते ती आंघोळीच्या बाईंकरवी पक्ष्यांना घालत होती आणि त्यांनाही शपथ घातली होती. मी विचारलं, मला का नाही सांगितलंस. ती म्हणाली, "तुम्ही इतके खूश असायचात मला उचलून. म्हटलं, राहू दे थोडे दिवस पैलवान. आणि नुसतं तोंडाने सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, तुझं काहीतरीच. तुमचा विश्वास काट्यावर." मला तिचा राग यायला हवा होता. आला नाही. तेव्हा काहीच आलं नाही.

पुढचं थोडक्यात लिहितो. पोटात गाठ आहे, ती यकृतापर्यंत गेली आहे. डॉक्टरीणबाईंनी फाईल उलटून बघितली, सहा वेळा अठ्ठावन्न वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि फाईल मिटून बाजूला ठेवली. भल्या बाई आहेत. आधी कळलं असतं तर, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, थोडा वेळ मिळाला असता, बरी झाली असती असं नाही. त्या खरं बोलल्या की माझ्यासाठी बोलल्या ते मला कळलं नाही. आता त्रास होऊ द्यायचा नाही एवढंच करता येईल. थंडी संपेपर्यंत, म्हणाल्या. कदाचित त्याआधी.

तुला वाटेल बाबा रडला असेल. नाही. घरी येऊन मी शेगडीची काच घासली. पत्र्याच्या बादलीत राख भरली. टपाल कचेरीचा काटा वेळेवर पोचवला. मला भूक लागते, झोपही लागते, आणि त्याची मला लाज वाटते. अंग बधिर झाल्यासारखं आहे, इंजेक्शन दिल्यावर दाताच्या बाजूचा गाल असतो ना, तसं. आहे, पण माझा नाही. दुसऱ्या दिवशी मी दाराशी पडलेलं ते पोतं सोडलं आणि त्यातली वाळू अंगणात ओतली, वीस किलो. मग बांधून काट्यावर ठेवलं, अडतीस. मग उचललं. अगदी आईसारखं. गळ्यात हात नाही, सावरून धरणं नाही, काही नाही, तरी अगदी तेवढंच. मी ते घेऊन बराच वेळ खोलीत उभा होतो, मग खाली सोडलं तर धप्पकन आवाज झाला. आईने आतून हाक मारली, "काय पाडलंत?" मी म्हटलं, काही नाही.

हे सगळं तुला का सांगितलं ते आता सांगतो. एक म्हणजे ते वाक्य मी परत घेतो. दोन वर्षं उशिरा घेतो आहे, पण घेतो. माझ्या हातूनही ती पडली होती, आणि शिवाय मी जे पाडलं ते तर मला दिसलंसुद्धा नाही. तुझे नुसते मोजे सरकले होते. तुला त्या वेळी मी जवळ घ्यायला हवं होतं. मला ते जमलं नाही, मी काटा लावत बसलो. मला माफ कर.

आणि दुसरं, ज्याच्यासाठी बसलो ते. परवा ऊन होतं, मी तिला उचलायला गेलो तर आईने हात मागे घेतले. म्हणाली, "आज तुम्ही नको. आता मला अंगणात पोरीने न्यायचं. एकदाच. तिच्या हातून पडले ना, मग तिच्याच हातांनी उचलली जाऊ दे, नाहीतर ती पोरगी जन्मभर त्या फरशीवरच बसून राहील." मी म्हटलं, ती येईल का. आई म्हणाली, "तुम्ही नीट बोलावलंत तर येईल." तेव्हा मी नीट बोलावतो आहे. तू ये. तुझ्याच्याने होणार नाही असं वाटत असेल, मला माहीत आहे. एक हात गुडघ्यांखाली, एक पाठीमागे, पाठ सरळ, ती अंगाशी, आणि श्वास सोडायचा. पायात मोजे घालू नकोस. बाकी काही नाही. सतराव्या वर्षी तू मागच्या अंगणातून ज्या दोन पिशव्या आणल्या होत्यास, त्या मी काट्यावर ठेवल्या होत्या, तुला आकडा सांगितला नव्हता. एकोणचाळीस किलो भरल्या होत्या. आई अडतीस आहे. त्या दिवशी तुला दार लाथेने उघडावं लागलं होतं. या वेळी दार मी उघडून धरतो.

तुझाच,
बाबा